सोनईहून अंदमान : सहा दिवसांची उलटी आखणी

मे महिना अर्धा सरला की सोनईत एक बातमी कान देऊन ऐकली जाते : मान्सून अंदमानात दाखल झाला. ऊस तुटून गेलेला असतो, खोडव्याला पाणी पुरेल का याची काळजी असते आणि मुळा धरणात किती साठा उरला याची चर्चा चहाच्या टपरीवर चाललेली असते. अशा वेळी अंदमान हे नाव म्हणजे आपल्याकडे पाऊस यायला अजून साधारण तीन आठवडे आहेत, असा निरोप असतो.

त्याच अंदमानला महाराष्ट्रातून आता सहलीही नियमित जातात. सेल्युलर जेलचं दर्शन, निळं पाणी, पांढरी वाळू आणि प्रवाळ, इतकं एका ठिकाणी पाहायला मिळतं. परत आलेल्यांकडून मात्र दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, ‘पाच वाजताच अंधार पडायचा.’ दुसरी, ‘निम्मा वेळ जेट्टीवर आणि बोटीत गेला.’ नकाशावर बेटं अगदी जवळजवळ दिसतात. मग सहा दिवसही अपुरे का पडतात?

याचं उत्तर बेटाच्या स्वभावात आहे. सूर्य, वारा, भरती आणि बोट यांच्या वेळा तिथे आधी ठरलेल्या असतात, आपली आखणी त्यात बसवावी लागते. त्या वेळा कशा ठरतात हे एकदा समजलं की सहा दिवस पुरतात आणि खर्च केलेला पैसाही सत्कारणी लागतो.

घड्याळ एक, सूर्य दोन

आधी अंधाराचं कोडं सोडवू. भारतात सगळीकडे घड्याळ एकच चालतं. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे लावलेलं आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. सोनई सुमारे ७५ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या साडेसात अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मागे साधारण ३० मिनिटं चालतो. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर, जिचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालं, ती ९२.७ अंशांच्या आसपास आहे. तिथला सूर्य घड्याळाच्या ४० मिनिटं पुढे असतो. दोन्ही मिळून सोनई आणि श्रीविजयपुरम यांच्या सूर्यात सव्वा तासाच्या जवळपास अंतर पडतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातलं उदाहरण घ्या. सोनईत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. श्रीविजयपुरमला तो साडेपाचच्या थोडं नंतर उगवतो आणि पाचला मावळतो. दिवस तिथे काही लहान नसतो. उलट विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे डिसेंबरातला दिवस आपल्यापेक्षा अर्धा तास मोठाच असतो. फक्त तो सगळा उजेड पहाटेकडे सरकलेला असतो.

सहलीला गेल्यावर आठ वाजता उठायचं, निवांत नाश्ता करून दहाला बाहेर पडायचं, ही आपली सवय. अंदमानात त्या सवयीपायी साडेचार तासांचा उजेड झोपेत आणि नाश्त्यात जातो. म्हणून तिथे गेल्यावर पहाटे पाचला उठा आणि रात्री नऊला झोपा. पहाटे पाण्याची पाळी धरायला शेतात जाणाऱ्याला हे जड जाऊ नये.

कोणत्या महिन्यात जावं

सोनई सह्याद्रीच्या आडोशाला आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि आपल्याकडे उरलंसुरलं पोचतं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. अंदमान उघड्या समुद्रात आहे, वाऱ्याला अडवणारा डोंगर वाटेत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिणेकडून वर सरकतात, त्यात अंदमान आधी लागतं, म्हणून तिथे मान्सून मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो. ऑक्टोबरनंतर वारे उलटून ईशान्येकडून वाहू लागले की बंगालच्या उपसागरावरची वाफ घेऊन तेही पाऊस देतात. असा दोन्ही बाजूंनी पाऊस मिळाल्यामुळे श्रीविजयपुरमची वार्षिक सरासरी ३,००० मिलिमीटरच्या घरात जाते, आपल्या पाचपट.

उष्णतेचं गणितही वेगळं आहे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. चारी बाजूंनी समुद्र असल्यावर हवा फार तापतही नाही आणि फार गारही होत नाही. सोनईत जानेवारीची पहाट हुडहुडी भरवते आणि मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अंदमानात वर्षभर दिवसा ३० अंशांच्या आसपास आणि रात्री २३-२४ अंश राहतात. म्हणजे महिना निवडताना थंडी-उन्हाळ्याचा विचार करायचं कारण नाही. पाहायचं ते पाऊस आणि वारा.

त्या हिशेबाने जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. पाऊस कमी असतो, आणि फेब्रुवारीपासून समुद्र आणखी शांत होत जातो. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होण्याचा संभव जास्त असतो. दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात येते. जून ते सप्टेंबर हॉटेलं स्वस्त मिळतात, पण समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असतं.

सोनईच्या घरांपुढे इथे खरी अडचण उभी राहते. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. उसाला तोड कधी येईल याचा भरवसा नसतो आणि तोड आली की घरचं माणूस फडावर हवं. शाळा सुटतात तोवर एप्रिल संपतो. अशा घरांसाठी दोन जागा उरतात. एक, ऊस लवकर तुटला असेल तर मार्चमधले आठवड्याचे दिवस, मुलांची परीक्षा सांभाळून. दुसरी, वार्षिक परीक्षा संपल्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस. उकाडा असतो, वादळाची शक्यताही धरावी लागते, पण मान्सून पोचायच्या आत परत येता येतं. मेच्या उत्तरार्धाचं आरक्षण करू नये. ज्या पावसाची आपण सोनईत वाट पाहत असतो, तो त्या वेळी तिथे बरसत असतो.

बोटीची पाळी

आता दुसरं कोडं, जेट्टीवर गेलेल्या वेळाचं. विमान श्रीविजयपुरमला उतरतं, पण राधानगरचा प्रसिद्ध किनारा स्वराज द्वीपावर आहे. या बेटाचं नाव आधी हॅवलॉक होतं, ३० डिसेंबर २०१८ ला ते बदललं. त्याच दिवशी नील बेटाचं शहीद द्वीप झालं. या बेटांवर जायला पूल नाही. सरकारी बोट किंवा खासगी कॅटामरान, म्हणजे दोन जोडहोड्यांवर बांधलेली वेगवान बोट, हाच मार्ग. श्रीविजयपुरम ते स्वराज द्वीप या प्रवासाला बोटीप्रमाणे दीड ते अडीच तास लागतात. स्वराज ते शहीद द्वीप हे अंतर तासाभराचं आहे.

बोटीचं वेळापत्रक कसं चालतं हे सोनईच्या माणसाला समजवायला कालव्याइतकं चांगलं उदाहरण नाही. मुळेच्या उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की आपल्या चारीला पाणी कधी येणार हे पाटकरी सांगतो. पाणी आलं त्या वेळी बारं धरायला आपण हजर नसलो तर ते पुढे निघून जातं, मग पुढच्या पाळीची वाट पाहायची. पाळी आपल्या सोयीने येत नाही, आपण पाळीच्या सोयीने शेतात जातो. बोटीचंही तसंच. दिवसाला ठरलेल्या थोड्या फेऱ्या आणि ठरलेल्या जागा. हंगामात तिकिटं आधीच संपतात. तिकिटावर नाव असतं, जेट्टीवर ओळखपत्र पाहतात, सामान तपासतात, त्यासाठी तासभर आधी पोचावं लागतं. दोन तासांच्या बोटीमागे हॉटेल सोडण्यापासून पुढच्या हॉटेलात पोचेपर्यंत चार-पाच तास धरावेत. ‘निम्मा वेळ जेट्टीवर गेला’ असं म्हणणाऱ्यांनी फक्त बोटीतले दोन तास धरलेले असतात.

कालव्याचं आवर्तन कधी लांबतं, तशी बोटही कधी रद्द होते. अनेकदा आभाळ निरभ्र असतं, ऊन पडलेलं असतं आणि तरीही जेट्टीवर बोट बंद असल्याचं सांगतात. लोक चिडतात. कारण असं असतं : समुद्रात शेकडो किलोमीटर दूर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की तिथला वारा पाण्याला ऊर्जा देतो. ती ऊर्जा मोठ्या, लांब अंतराच्या लाटांच्या रूपाने दूरवर प्रवास करते. वादळ आपल्यापर्यंत येत नाही, त्याच्या लाटा येतात. उघड्या समुद्रात या लाटा बोटीला उचलतात आणि आपटतात. बंदराचे अधिकारी लाटेची उंची आणि वाऱ्याचा वेग पाहून बोटी थांबवतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते आपलाच जीव सांभाळत असतात.

डिसेंबर २०१६ मध्ये काय झालं ते प्रत्येक पर्यटकाने लक्षात ठेवावं असं आहे. अंदमानजवळ तीव्र कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. पुढे त्याचंच ‘वरदा’ चक्रीवादळ झालं आणि ते चेन्नईवर आदळलं. त्या काही दिवसांत बोटी पूर्ण बंद राहिल्या आणि हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. वारा ओसरल्यावर नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल यांनी जहाजं व हेलिकॉप्टरं लावून त्यांना बाहेर काढलं. ज्यांचं परतीचं विमान त्या दिवसांत होतं, त्यांना ते गाठता आलं नाही.

शेवटापासून मागे

या सगळ्याचं सार एका नियमात येतं : बेटावरची सहल परतीच्या विमानापासून मागे मागे आखायची. पहिल्या दिवसापासून पुढे आखत गेलं की शेवटच्या दिवशी सकाळी बोट आणि दुपारी विमान असं घट्ट वेळापत्रक तयार होतं. एक बोट रद्द झाली की सगळं कोसळतं. मागून आखलं की मोकळा दिवस आपोआप योग्य जागी पडतो.

सोनईहून सहा दिवसांची आखणी करून पाहू. सोनईला सगळ्यात जवळचा विमानतळ शिर्डीचा, काकडी इथला. पुण्याचा विमानतळ सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथून उड्डाणं जास्त मिळतात. बहुतेक वेळा चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घेतली तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं घेतली तर तो धोका आपल्या डोक्यावर.

सहावा दिवस : परतीचं विमान. त्या दिवशी बोट नाही, दुसरं काही नाही.

पाचवा दिवस : श्रीविजयपुरममध्येच. हा राखीव दिवस. आदल्या दिवशी बोट रद्द झाली तर आज परत येता येतं. सगळं सुरळीत असेल तर जवळच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या रॉस बेटावर जा. १९४१ च्या भूकंपानंतर इंग्रजांनी सोडलेल्या इमारती तिथे वडा-पिंपळाच्या मुळांनी वेढलेल्या आहेत. १८८३ पासूनची चॅथम सॉ मिलही पाहता येते.

चौथा दिवस : सकाळच्या बोटीने स्वराजहून शहीद द्वीप, संध्याकाळच्या बोटीने श्रीविजयपुरम. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या दोन्ही बेटांवर वसवण्यात आलं. शहीद द्वीपावर ते भाजीपाला पिकवतात आणि तो राजधानीला जातो. भाजीचे वाफे पाहिल्यावर शेतकऱ्याचे पाय तिथे थबकणारच.

तिसरा दिवस : पूर्ण दिवस स्वराज द्वीपावर. पहाटे कालापत्थर किनारा, तो पूर्वेला असल्यामुळे सूर्योदयासाठी. सकाळी प्रवाळ पाहायला एलिफंट बीच.

दुसरा दिवस : सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप. दुपारी राधानगर किनारा, तो पश्चिमेला असल्यामुळे सूर्यास्तासाठी. तिथे दोनला पोचा, चारला नको.

पहिला दिवस : श्रीविजयपुरमला उतरणं आणि उजेड असेतोवर सेल्युलर जेल.

या यादीत बाराटांग नाही, हे मुद्दाम. चुनखडीच्या गुहा आणि खारफुटी तिथे सुंदर आहे, पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहनं ठरावीक वेळी, ताफ्यानेच सोडतात आणि पूर्ण दिवस त्यात जातो. जारवांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं, गाडी थांबवणं हे कायद्याने गुन्हा आहे. सहा दिवसांच्या सहलीत त्यांच्या घरातून गाडी नेण्यापेक्षा ते जंगल त्यांच्याकडेच राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

तिथी पाहून पाण्यात उतरा

सोनईच्या माणसाला समुद्राचं सगळ्यात अनोळखी रूप म्हणजे भरती-ओहोटी. चंद्र समुद्राच्या पाण्याला ओढतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे एखादा किनारा दिवसातून दोनदा फुगलेल्या पाण्यात येतो आणि दोनदा उतरलेल्या. चंद्र स्वतःही पुढे सरकत असतो, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात, तेव्हा फरक कमी राहतो. ती भांगाची भरती.

कोकणातला कोळी तिथीला पाऊण पटीने गुणून भरतीची वेळ काढतो. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. हा आकडा कोकण किनाऱ्याचा आहे. अंदमानात भरतीची घटका वेगळी असते, म्हणून तिथलं भरतीचं कोष्टक हॉटेलात किंवा बोटवाल्याकडे विचारून घ्या. तिथीचा नियम मात्र तिथेही लागू आहे.

याचा सहलीशी थेट संबंध येतो. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरजवळ लाटांनी कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत ओहोटीतच चालत जाता येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त ओसरतं, तेव्हा खडकांमधल्या डबक्यांत शंखातले खेकडे, समुद्रकाकड्या आणि लहान मासे अगदी पायाशी दिसतात. पूर्ण भरतीला गेलात तर यातलं काहीच दिसत नाही. स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून पाण्यावर तरंगत खाली पाहायला, याच्या उलट हवं असतं. पाणी फार उतरलेलं असेल तर प्रवाळ अंगाला घासतात आणि पायाखाली तुटतात. प्रवाळांवर थोडं पाणी असलेली वेळ आपल्याही आणि त्यांच्याही भल्याची.

प्रवाळ हे दगड दिसतात, पण ते सजीव आहेत. लाखो बारीक प्राणी चुन्याची घरं बांधून एकत्र राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळं असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि रंगही त्यांच्यामुळेच येतो. म्हणून प्रवाळांना उथळ, स्वच्छ आणि उबदार पाणी लागतं. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की प्राणी शेवाळांना बाहेर टाकतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात २०१० च्या उन्हाळ्यात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. आधीच असा मार सोसलेल्या प्रवाळावर उभं राहून फोटो काढू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ संरक्षित आहेत, मेलेला तुकडाही घरी आणता येत नाही.

शरीराचाही हिशेब धरा

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात आणि मांसात नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, त्याला काही तास लागतात. दरम्यान विमानात बसलात तर काय होतं? विमानाच्या आतला दाब साधारण २,००० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्याहूनही वर. दाब एकदम कमी झाल्यामुळे उरलेला नायट्रोजन रक्तात बुडबुडे धरू शकतो. सांधे दुखतात आणि गंभीर प्रसंगी हातपाय लुळे पडू शकतात. म्हणून शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तास, जमलं तर पूर्ण दिवस विमानात बसू नये. वरच्या आखणीत स्कूबा तिसऱ्या दिवशी बसतो आणि विमान सहाव्या दिवशी येतं.

बोट लागणं हा दुसरा त्रास. कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतो आहोत. डोळ्यांना मात्र बोटीची भिंत स्थिर दिसते. मेंदूला दोन उलट निरोप मिळतात आणि मळमळ सुरू होते. उपाय त्यातच आहे. मोबाइल खाली ठेवा आणि खिडकीतून क्षितिजाकडे पाहा, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगू लागतात. बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला हेलकावे कमी बसतात, जागा तिथली मागा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फार उपयोग नसतो.

तिसरा धोका जिवाचा आहे. आपल्याकडे विहिरीत सूर मारणारी पोरं पोहण्यात तरबेज असतात आणि समुद्रात तोच आत्मविश्वास घात करतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं वाहतं. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेल्या पाण्याला कुठून तरी परत जावं लागतं. ते एखाद्या अरुंद वाटेने जोरात आत खेचलं जातं. गंमत अशी की त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून अनोळखी माणसाला तीच जागा शांत आणि पोहायला चांगली वाटते. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत ओढीच्या बाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर आणि खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. जिथे पाटी लावली आहे किंवा जीवरक्षक नको म्हणतो, तिथे पाण्यात जायचं नाही.

जेल पाहायला उजेड हवा

सेल्युलर जेलसाठी पहिली दुपार राखून ठेवली, त्यालाही कारण आहे. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या या तुरुंगाला मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघालेल्या सात बाजू होत्या. आज तीन उभ्या आहेत. प्रत्येक बाजूच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या बाजूच्या पाठीकडे केलेलं होतं. सातशेच्या आसपास कोठड्या, एका कोठडीत एक माणूस, आणि समोर पाहिलं तर फक्त भिंत. कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये यासाठीच ही रचना होती.

विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ ला इथे आले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. दोन भाऊ एका आवारात असूनही दीर्घकाळ भेटू शकले नाहीत, ते या बांधणीमुळे आणि कडक पहाऱ्यामुळे. १९२१ मध्ये दोघांनाही मुख्य भूमीवर हलवण्यात आलं. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. लांबी साडेतेरा फूट, रुंदी साडेसात फूट, उंचावर एक झरोका. आत उभे राहा आणि दार ओढून घेतल्याची कल्पना करा. मग खाली येऊन कोलू पाहा. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायला लावत. घाण्याला जुंपलेला बैल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या लाकडी दांड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम चांगला असतो, पण कोठड्या दिवसाच पाहाव्यात. किमान दोन तास द्या. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या.

बेटावरचं गोडं पाणी

टँकरची वाट पाहिलेल्या जिल्ह्यातून आपण जातो, म्हणून एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल. इतका पाऊस पडूनही अंदमानात उन्हाळ्यात पाणी तुटपुंजं असतं. बेटं म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची शिखरं. उतार तीव्र, नद्या आखूड, पाणी लगेच समुद्राला मिळतं. साठवायला जागा थोडी. राजधानीची भिस्त मुख्यतः धानीखारी धरणावर आहे. लहान बेटांवर विहिरी आणि बोअर फार उपसले तर खालून खारं पाणी वर चढतं आणि विहीर कायमची बिघडू शकते. पर्यटकांची गर्दी नेमकी कोरड्या महिन्यांत होते. आपण हॉटेलात अर्धा तास शॉवर सोडतो तेव्हा ते पाणी गावाच्या वाट्यातून येतं. बादलीने आंघोळ करा, टॉवेल रोज धुवायला देऊ नका, पाण्याची बाटली पुन्हा भरून वापरा. प्लास्टिकचा कचरा बेटावर टाकला तर त्याला जायला जागा नाही, तो सोबत परत आणावा.

शेवटी पैशांची बाब. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून अंदमानचं इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे, तरी लहान बेटांवर रेंज जाते आणि मोबाइलवरून पैसे देणं अडतं. थोडी रोख आणि तिकिटांच्या छापील प्रती जवळ असू द्या. खर्च कमी करायचा असेल तर हॉटेल साधं घ्या, जेवण साधं घ्या, खरेदी टाळा. राखीव दिवसाला मात्र हात लावू नका. एका रात्रीचं भाडं वाचवण्यासाठी तो दिवस काढून टाकला आणि बोट रद्द झाली, तर घरातल्या सगळ्यांची विमानाची तिकिटं ऐनवेळी नव्याने घ्यावी लागतात. तो खर्च वाचवलेल्या भाड्याच्या कितीतरी पट असतो.

चौकट : आखणी थोडक्यात

• महिना : जानेवारी ते एप्रिल उत्तम. मेचा पहिला आठवडा चालेल, उत्तरार्ध टाळा. ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांचा अंदाज पाहत राहा.

• क्रम : आधी परतीचं विमान, मग त्याआधीचा राखीव दिवस, मग बोटी, शेवटी हॉटेलं.

• दिवस : पहाटे पाच ते संध्याकाळी पाच. समुद्राची कामं सकाळी.

• बोट : तिकीट आधी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा, एका बोटीमागे चार-पाच तास धरा.

• तिथी : अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीत खडक पाहा. रोजच्या वेळा स्थानिक कोष्टकातून.

• स्कूबा : विमानाआधी किमान १८ तास मोकळे.

• परवाना : भारतीयांना अंदमानच्या नेहमीच्या बेटांसाठी लागत नाही. निकोबार बेटांसाठी परवाना लागतो आणि तो अपवादानेच मिळतो.

• पाणी आणि प्रवाळ : पाणी जपून वापरा. प्रवाळावर पाय नको, त्याचा तुकडाही आणू नका.